एक दात मागे

मे महिन्यात नागपुरात गाडीचं बॉनेट उघडायचं काम निघू नये. निघालंच तर रेडिएटरमध्ये पाणी ओतण्यापुरतं निघावं. टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनाच्या दातेरी रबरी पट्ट्याचं निघालं, तर शहाण्यानं गाडीवर कव्हर टाकावं, 'आपली बस' पकडावी आणि मृगाची वाट पाहावी.

आमची मारुती 800. कार्बोरेटरवाली, 796 सीसी, तीन सिलिंडर, एमएच 31 पासिंग. ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आली, जानेवारी 2014 मध्ये कारखान्यानं ती बनवणं बंद केलं, आणि आमच्या फाटकातून ती कायमची कधी बाहेर पडणार याची चौकशी सौ. दर दिवाळीच्या साफसफाईत करते. कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या सीलमधून झिरपणारं ऑइल बेल्टवर उतरू लागलं होतं. रबर आणि ऑइलचं वैर जुनं, म्हणून सील आणि बेल्ट दोन्ही एका गॅरेजात बदलून घेतलं. गाडी सुरू झाली. सुरूच झाली नसती तर बरं झालं असतं, निदान पैसे तरी थांबवता आले असते.

त्या दिवसापासून तिच्यातला जीवच गेला. उभी असली की थरथरायची, चालू लागली की धापा टाकायची. उड्डाणपुलाच्या चढावर संत्र्याच्या रिकाम्या पेट्या भरलेला टेम्पो हॉर्न न वाजवता शेजारून पुढे निघून गेला. हॉर्न वाजवण्याइतकीही आमची अडचण त्याला वाटली नाही. आणि एका दुपारी, ऊन 45 च्या घरात असताना, ती कामठी रोडवर बंद पडली ती नेमकी ऑटोमोटिव्ह चौकात. तिथे बंद गाडी ढकलताना लोक ज्या नजरेनं पाहतात ती नजर इतर चौकांत मिळत नाही.

मग निदानं सुरू झाली. गॅरेजवाला म्हणाला, कार्बोरेटर. पंपावरचा पोरगा म्हणाला, प्लग. साळ्यानं पेट्रोलमधल्या भेसळीवर व्याख्यान दिलं. शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, त्यांनी फाटकावर हात टेकून एकाच शब्दात निकाल दिला, "क्लच." गाडी उभ्या जागी थरथरते त्यात क्लचचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. त्यांच्या कूलरच्या पंपावर आमचा उन्हाळा चालतो.

शेवटी एक म्हातारा मिस्त्री घरी आला. त्यानं इंजीन चालू करून ऐकलं, बंद केलं, बेल्टवरचं प्लॅस्टिकचं झाकण सैल करून आत डोकावला, खालचा बोल्ट पान्यानं हळूहळू फिरवला आणि म्हणाला, "एक दात मागे हाय भाऊ."

एक दात! पण हिशेब केला तर तो दात फार महागात पडतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा, दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. म्हणून वरची पुली खालचीच्या दुप्पट दातांची, आणि दोघींना बांधून ठेवणारा हा दातेरी पट्टा. वरच्या पुलीला 40 दात धरले, तर एका दाताची चूक म्हणजे कॅमचे 9 अंश, क्रँकचे 18. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो, आणि आमच्या गाडीत तो पंचवीसही वेळा उशिरा उघडत होता. आपल्याकडे अकरा चाळीसचा मुहूर्त सव्वाबाराला गाठला तरी लग्न लागतं. इंजिनाचंही तसंच, लग्न लागतं; संसार चालत नाही.

"एका दातानं का होते?" काका फाटकातून आत आले होते.

"काही इंजिनांत लय होते, काकाजी. बेल्ट जास्त सरकला नाहीतर तुटला, का पिस्टन जाऊन उघड्या व्हॉल्व्हले भिडते. मंग हेड खोला."

"आमच्या फियाटले चेन होती. हे रबराचं लफडंच नव्हतं," काका म्हणाले आणि लिंबाखालची खुर्ची ओढून बसले.

दुपारी पान्याला हात लावला तर कातडं पान्यालाच राहायचं, म्हणून काम ऊन उतरल्यावर सुरू झालं, म्हणजे अंधारात संपणार हे नक्की. या गाडीत इंजीन आडवं बसवलेलं असतं आणि बेल्टची बाजू मडगार्डच्या आतल्या पत्र्याला जवळजवळ चिकटलेली. चाक काढा, अल्टरनेटरचा पट्टा काढा, मग क्रँक पुलीचा बोल्ट. तो सुटताना अख्खं इंजीन फिरू नये म्हणून मुलगा आत टॉप गिअर टाकून ब्रेकवर उभा, बाहेर मिस्त्री पान्याला लांब पाइप लावून लोंबकळलेला. बोल्ट कडाडून सुटला तेव्हा काकांनी "हौ!" म्हणून दाद दिली.

माझ्याकडे मोबाईलचा टॉर्च धरायचं काम होतं. "भाऊ, टॉर्च पुलीवर धरा न, माह्या तोंडावर काऊन धरून राहिले?" हे वाक्य मी त्या रात्री इतक्यांदा ऐकलं की मुलगा ते अजून जेवताना म्हणतो. उजेडाला किडे आले. किडे येऊन गेले तर क्रेडिट कार्डवाल्या बाईंचा फोन आला.

खरी करमणूक खुणांची होती. वरच्या पुलीवरची खूण मागच्या पत्र्यावरच्या खाचेशी जुळवायची आणि खालच्या पुलीवरचं टिंब इंजिनावरच्या ओतीव बाणाशी, एवढंच काम. पण आमच्या पुलीवर खुणांची वस्ती होती. एक व्हाइटनरची, एक हॅक्सॉ ब्लेडनं कोरलेली, एक पंचनं ठोकलेली आणि एक चक्क लाल नेलपॉलिशची. आजवरच्या प्रत्येक मेकॅनिकनं आपापली सोय करून ठेवलेली. काकांचं मत नेलपॉलिशला होतं. मिस्त्रीनं घासलेटचा बोळा फिरवून सगळा इतिहास पुसला, तेव्हा खाली कंपनीची बारीकशी रेघ निघाली. कोरलेली खूण मात्र पुसली जाईना. तिच्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

रेघ खाचेसमोर आली, मिस्त्रीनं बेल्ट घ्यायला हात सोडला, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी कॅमला असा धक्का दिला की पुली टुणकन बाजूला. पुन्हा आणली, पुन्हा टुणकन. शेवटी मुलाला ब्रेकवरून उतरवून पुलीच्या बोल्टवर पाना धरायला बसवलं. बेल्ट खालून चढवत आणायचा, ताणाची बाजू घट्ट ठेवायची, जी ढिलाई उरेल ती टेन्शनरच्या, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाच्या बाजूला. खुणा जुळल्या. काका उठून उभे राहिले. मिस्त्री मात्र क्रँक फिरवायला लागला.

"जुळलं न आता! मंग काऊन फिरवून राहिला?"

"बसवताना सगळंच बरोबर दिसते, काकाजी. दोन चक्कर झाल्यावर पाहाव लागते."

दोन चक्कर झाले आणि खालचं टिंब बाणाच्या जरा अलीकडे थांबलं. एक दात. मिस्त्रीनं कोणाकडे न बघता बेल्ट उतरवला. ज्याला आपलं काम पटत नाही असा माणूस मी फार दिवसांनी पाहत होतो. आधीच्या गॅरेजात याच जागी झाकण लागलं असणार. दुसऱ्यांदा दोन चक्करांनंतरही टिंब बाणासमोरच उभं राहिलं, तेव्हा कुठे त्यानं टेन्शनरचे नट आवळले आणि चहा मागितला.

चाचणीला रात्री साडेदहाला निघालो. मिस्त्री चालवत होता, मी शेजारी, काका न बोलावता मागे. इंजीन शिवणयंत्रासारखं वाजू लागलेलं पाहून मी आनंदात काच खाली केली. उड्डाणपुलाचा चढ आला, मिस्त्रीनं पाय दाबला, इंजीन तावातावानं ओरडलं, आणि गाडीचा वेग होता तेवढाच राहिला. जळका वास आला.

मिस्त्रीनं पाय काढला. "इंजिनात दम नव्हता तोवर कळून नाही राहिलं भाऊ. आता दम आला. क्लच प्लेट घसरून राहिली."

मागच्या सीटवरून काकांचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"मी का सांगून राहिलो होतो?"