खुलासा : बौद्धिक दिव्यांग मुलांना साधा डॉक्टरही तपासू शकतो

मराठवाड्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘मतिमंद मुलांना साध्या डॉक्टरने तपासायला कायद्याने मनाई आहे, मानसोपचार तज्ज्ञाकडेच न्या.’ हे साफ चूक आहे.

उलट, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 25 मध्ये सरकारी आणि खासगी दवाखान्यांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य सांगितलंय. कलम 47 नुसार डॉक्टर, नर्स यांच्या अभ्यासक्रमात दिव्यांगत्वाचा विषय हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 तर बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार मानतच नाही. तापाने फणफणलेल्या लेकराला गेवराईहून थेट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यायची गरज नाही, आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा.

अशा मेसेजने खरं नुकसान होतं ते वेगळंच. न बोलणारं मूल अचानक डोकं आपटायला लागलं, की ‘ते तसंच आहे’ म्हणून सोडून देतात. कान ठणकतोय का, दाढ किडलीय का, पोट साफ होतंय का, कुणी बघतच नाही! डॉक्टर-सिस्टरच्या प्रशिक्षणात नेमकं हेच घोटून घ्यायला हवं. आईला विचारा, दुखलं की हा काय करतो? स्टेथोस्कोप आधी त्याच्या हातात द्या, मग छातीला लावा. आणि बोला ते त्याच्याशी, नुसतं आईशी नको. याला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

तो मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल, तर हा खुलासाही तिथेच टाका.