‘जितका रुंद टायर, तितकी पकड’ : खुलासा

‘१७ इंची अलॉय घेतलेत ना, मग डोळे झाकून २२५ चढवा’ (म्हणजे २२५ मिमी रुंद टायर) असा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे. टायरची रुंदी ठरते रिमच्या ‘जे’ (J) आकड्यावरून, म्हणजे रिमच्या इंचातल्या रुंदीवरून; ६.५जे म्हणजे ६.५ इंच. तो स्पोकच्या मागे कोरलेला असतो.

२२५/४५ आर१७ ला (रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) ७ ते ८.५ इंच रुंद रिम लागते. ६.५जे वर तो चढतो खरा, पण साइडवॉल (टायरची बाजू) आत दाबली जाते, ट्रेड (रस्त्याला टेकणारा भाग) मधोमध फुगतो आणि तिथेच झिजतो. शिवाय पावसात पाण्यावर लवकर तरंगतो.

मूळ टायर २०५/५५ आर१६ असेल, तर ६.५जे वर २०५/५० आर१७ घ्या. टायरचा बाहेरचा व्यास जेमतेम ५ मिमी वाढतो. मात्र मूळचा लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) ९१ असतो आणि या मापाचा साधा टायर ८९ चाच मिळतो. म्हणून ९३ एक्सएल (XL, जास्त भार पेलणारा) मागा. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर लायनरला (चाकावरच्या आतल्या आवरणाला) घासतंय का, तेही बघा.