टोरॉन्टोचं २०१९चं विजेतेपद आयतं नव्हतं

एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या फायनलचे दिवस आले की एक जुनं वाक्य हमखास फिरायला लागतं: ‘२०१९मध्ये टोरॉन्टो रॅप्टर्स जिंकले नाहीत, गोल्डन स्टेट वॉरियर्सचे खेळाडू जायबंदी झाले.’ पुराव्यादाखल चार गोष्टी सांगितल्या जातात. वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट जवळजवळ नव्हताच. त्यांचाच क्ले थॉम्पसन पडला. रॅप्टर्स फायनलपर्यंत पोहोचले ते एका नशिबाच्या शॉटवर. आणि रॅप्टर्सचा मुख्य खेळाडू कवाय लेनर्ड हा वर्षभराचा पाहुणा होता. यातली पहिली गोष्ट वजनदार आहे, दुसरी अर्धी खरी, बाकीच्या दोन उगाच चिकटवलेल्या.

‘ड्युरंट असता तर…’

असता तर मीही पैज वॉरियर्सवरच लावली असती. ते मान्य. पण ड्युरंटची पोटरी दुखावली ८ मे रोजी, ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेच्या (बाद फेरी, आधी चार सामने जिंकेल तो पुढे) पाचव्या सामन्यात. त्यानंतर वॉरियर्सनी ह्यूस्टनला त्यांच्याच मैदानावर हरवून ती मालिका संपवली आणि पोर्टलंडला ४-० असं धुतलं. म्हणजे ड्युरंटशिवाय सलग पाच विजय. तेव्हा ‘त्याच्याविना संघ जास्त मोकळा खेळतो’ अशी चर्चा जोरात होती. फायनल हरल्यावर मात्र त्याच्याविना संघ अचानक लंगडा ठरला.

शिवाय फायनलच्या पहिल्या सामन्यात वॉरियर्सचे स्टेफ करी, थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन, आंद्रे इग्वोडाला सगळे होते. रॅप्टर्स ११८-१०९ असे जिंकले. त्यांच्या पास्कल सियाकमने १७ पैकी १४ शॉट घातले, त्यातले ११ सलग, आणि त्याच्यासमोर बहुतेक वेळ ग्रीन होता, लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक. ड्युरंट बाकावर असल्यामुळे सियाकमचे शॉट आत गेले, असं कोण म्हणेल?

पूर्ण ताकदीचे वॉरियर्सच हवे असतील तर १२ डिसेंबर २०१८ आठवा. करी, थॉम्पसन, ड्युरंट तिघंही खेळले, सामना वॉरियर्सच्या घरी होता, लेनर्ड खेळलाच नाही, तरी टोरॉन्टो ११३-९३ जिंकलं. नियमित हंगामातल्या एका रात्रीवरून फायनलचा निकाल सिद्ध होत नाही हे खरं. पण ‘पूर्ण संघासमोर टोरॉन्टो टिकलंच नसतं’ हे इतक्या खात्रीने बोलणाऱ्यांनी तो सामना एकदा बघावा.

‘थॉम्पसन पडला आणि सगळं संपलं’

थॉम्पसनला दोनदा दुखापत झाली. दुसऱ्या सामन्यात मांडीचा स्नायू दुखावला, म्हणून तो तिसऱ्या सामन्याला मुकला. त्या रात्री करीने एकट्याने ४७ गुण केले, तरी वॉरियर्स १४ गुणांनी हरले. तो सामना वादापुरता सोडून देऊ.

खरा प्रश्न चौथ्या सामन्याचा आहे, आणि ‘आयतं’ म्हणणारे नेमके त्याबद्दल बोलत नाहीत. थॉम्पसन परतला होता आणि त्याने २८ गुण केले. केव्हॉन लूनीही परतला. वॉरियर्सचं ओकलंडमधलं घरचं मैदान, मध्यंतराला वॉरियर्स ४६-४२ पुढे. मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये रॅप्टर्सनी ३७ गुण केले आणि दिले फक्त २१. त्यातले १७ लेनर्डचे. बाकावरून आलेल्या सर्ज इबाकाने सामन्यात २० केले. निकाल १०५-९२. करीच्या ९ थ्री-पॉइंटरपैकी (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) २ आत गेले.

ते काही करीचं दुर्दैव नव्हतं. पहिलाच हंगाम मुख्य प्रशिक्षक म्हणून काढणाऱ्या निक नर्सने मालिकाभर करीमागे माणूस सोडला होता, बहुतेक वेळा फ्रेड व्हॅनव्हलीट. दुसऱ्या सामन्याच्या शेवटी तर त्याने एनबीएत सहसा न दिसणारा, शाळकरी स्पर्धांमधला बचाव लावला: एक जण करीला चिकटलेला, बाकीचे चार चौकोनात उभे राहून आपापली जागा राखणारे. वॉरियर्सना पाच मिनिटांहून जास्त वेळ एकही गुण मिळेना. तो सामना त्यांनी जिंकला खरा, पण करीला चेंडूशिवाय मोकळं पळू द्यायचं नाही हे सूत्र तिथेच पक्कं झालं. असा बचाव जमायला मागे मार्क गसोलसारखा बास्केटजवळची जागा राखणारा अनुभवी म्हातारा लागतो, आणि तो टोरॉन्टोने फेब्रुवारीत खास आणला होता.

सहाव्या सामन्यात मात्र दुखापतीने वॉरियर्सचा घात केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. थॉम्पसन ३० गुणांवर होता, तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटाकडे गुडघा गेला, तेव्हा वॉरियर्स पुढे होते. तो मैदानावर टिकला असता तर कदाचित सातवा सामना झाला असता. पण झाला असता तर टोरॉन्टोत, कारण तो जास्त विजय असलेल्या संघाच्या घरी होतो आणि नियमित हंगामात रॅप्टर्सचे विजय ५८ होते आणि वॉरियर्सचे ५७. आणि तरीही शेवटच्या दहा सेकंदांत एका गुणाने मागे असलेल्या करीच्या हातात आघाडी घेणारा शॉट होताच. तो चुकला. ११४-११०. ओकलंडमध्ये वॉरियर्स या फायनलचे तिन्ही सामने हरले.

‘चार टप्प्यांचा नशिबाचा शॉट’

फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या सामन्यात लेनर्डचा चेंडू रिंगवर चार वेळा आपटून आत पडला, ९२-९०. नशीब होतंच. फक्त, चेंडू हवेत असताना गुणफलक ९०-९० होता. शॉट चुकला असता तर रॅप्टर्स हरले नसते, ओव्हरटाइम झाला असता. आणि पुढच्या फेरीत ६० सामने जिंकलेल्या मिलवॉकीविरुद्ध ०-२ मागे पडून सलग चार सामने जिंकले, त्यात कुठला टप्पा कामी आला?

दुखापतींचा हिशेब करायचाच तर

सगळ्यांचा करा. टोरॉन्टोचा ओजी अनुनोबी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे त्या प्लेऑफमध्ये एक मिनिटही खेळला नाही. २०१५च्या फायनलमध्ये क्लीव्हलंडकडे केव्हिन लव्ह नव्हता आणि कायरी अर्व्हिंग पहिल्याच सामन्यात गुडघा फोडून बसला, जिंकले वॉरियर्स. २०१७मध्ये सॅन अँटोनियो वॉरियर्सविरुद्ध २३ गुणांनी पुढे असताना त्यांच्या मुख्य खेळाडूचा घोटा गेला, तो सामना आणि ती मालिका दोन्ही हातच्या गेल्या. तो खेळाडू कवाय लेनर्डच होता. त्या दोन्ही वर्षांच्या वॉरियर्सच्या करंडकांना ‘आयते’ म्हणणारे मला फारसे भेटत नाहीत.

‘भाड्याचा खेळाडू’

लेनर्ड एका हंगामानंतर लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला, हे खरंच. पण निर्णायक सहाव्या सामन्यात रॅप्टर्सचे पहिले ८ गुण काइल लाउरीचे होते, आणि तो २०१२पासून तिथेच होता. त्याने आणि सियाकमने प्रत्येकी २६ केले. कुठल्याच संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, न निवडलेल्या व्हॅनव्हलीटने २२. लेनर्डचेही २२च. पुढच्या हंगामात लेनर्डशिवाय याच संघाने ७२ पैकी ५३ सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये बोस्टनशी सातव्या सामन्यापर्यंत झुंज दिली.