नागीण कोळ्यामुळं होत नाही, आणि त्या मेसेजमधलं आणखी बरंच काही

गणपती गेले की कोल्हापुरात घरं काढायला सुरुवात होते. घट बसायच्या आधी माळा रिकामा होतो, वाकळा-चादरी पंचगंगेच्या घाटावर धुवायला जातात, आणि तुळईच्या कोपऱ्यात वर्षभर सुखानं राहिलेले कोळी उघड्यावर येतात. नेमका याच दिवसांत तालमीच्या, भिशीच्या, अपार्टमेंटच्या ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागतो: "घरातला कोळी म्हणजे घरातला नाग."

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मेसेज म्हणतो की घरातला प्रत्येक कोळी विषारी असतो आणि चावला की मांस सडतं; सोबत भोक पडलेल्या पायाचा आणि 'ब्राऊन रेक्लूज' नावाच्या कोळ्याचा फोटो. कोळी अंगावर मुतला की नागीण होते. माणूस झोपेत वर्षाला आठ कोळी गिळतो. उपाय म्हणून रॉकेलमध्ये नुवान हे कीटकनाशक मिसळून कोपऱ्यात फवारा, ते नसेल तर ब्लीचिंग पावडरवर बाथरूमचं ॲसिड ओता, आणि जळमटं पलित्यानं जाळा. ज्यांना एवढं झेपत नाही त्यांच्यासाठी लिंबाच्या साली आणि प्लगमध्ये लावायचं आवाजाचं यंत्र. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

घरात कोळी नकोत, हे मलाही मान्य आहे. पाहुणे यायच्या दिवशी दिवाणखान्यात जळमटं लोंबलेली कुणाला आवडतील? पण हा मेसेज वाचून कोळ्यापेक्षा मेसेजचीच भीती वाटते.

आधी विषाचं बघू. "प्रत्येक कोळी विषारी" हे तसं खोटं नाही, आणि म्हणूनच ते खपतं. मोजकी कुळं सोडली तर सगळ्याच कोळ्यांना विष असतं. त्याशिवाय ते माशी-डास मारणार कशानं? जगात कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींची संख्या २०२२ साली ५०,००० च्या पुढं गेली. त्यातल्या माणसाला खरोखर इजा करू शकणाऱ्या जाती अगदी थोड्या. बाकीच्यांचं विष किड्यांच्या मापाचं, आणि कित्येकांचे दात आपल्या कातडीत शिरतही नाहीत. फोटोतला तो 'ब्राऊन रेक्लूज' अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातला रहिवासी. तो शुक्रवार पेठेतल्या माळ्यावर कसा पोचला, हे मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आपल्या घरात मुख्यतः तीन मंडळी असतात. कोपऱ्यात विस्कटलेलं जाळं करून उलटा लटकलेला, काटकुळ्या लांब पायांचा कोळी. त्याला केरसुणीची काडी लावून बघा, तो चावायला येत नाही. जाळ्यातच इतक्या जोरात थरथरतो की डोळ्यांना नुसता धूसर ठिपका दिसतो. दुसरा भिंतीवर टुणटुण उड्या मारत माश्या धरणारा, पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी आपल्याकडं टक लावून बघणारा. तो शिकारीसाठी जाळं विणतच नाही. आणि तिसरा, ज्याच्यामुळं घरात आरडाओरडा होतो तो: रात्री बाथरूमचा दिवा लावला की भिंतीला चिकटलेला, तळहाताएवढा पसरलेला, तपकिरी, चपटा. हा हंट्समन. झुरळं हे त्याचं आवडतं खाणं. पोटाखाली पांढरी चपटी चकती धरलेली दिसली तर ती मादी आहे आणि ती चकती म्हणजे तिची अंडी. हाताखाली चिरडला तर हा चावू शकतो, दुखतं, थोडी सूज येते आणि बहुतेक वेळा उतरते. त्यापलीकडं काही नाही.

भारतात त्रासदायक कोळी मुळीच नाहीत असंही म्हणायचं नाही. सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या ढोलीत मोठे केसाळ कोळी राहतात, त्यांचा चावा चांगलाच दुखतो आणि स्नायूंत गोळे येतात. पण ते जंगलातले लाजाळू जीव आहेत, राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये येत नाहीत. २०१२ साली आसामात सादियाला कोळी चावून माणसं मेल्याची बातमी देशभर झाली होती. दोन मृत्यू सांगितले गेले, पण शवविच्छेदन झालेलंच नव्हतं, त्यामुळं कोळ्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही. कळलं ते एवढंच की चावलेल्यांना आधी मांत्रिकाकडं नेलं होतं आणि तिथं जखमा ब्लेडनं कापल्या होत्या. म्हणून चावा कशाचाही असो, कापणं नाही, चोखणं नाही, आवळून बांधणं नाही. साबण-पाण्यानं धुवा, बर्फ लावा. सूज पसरत गेली, ताप आला किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना. मधुमेह असलेल्यांनी तर "कोळी चावलाय, जाईल" म्हणून चिघळणारी जखम अंगावर काढूच नये. असल्या जखमा पुष्कळदा जंतुसंसर्गाच्या असतात आणि नाव कोळ्याचं होतं.

आता मेसेजमधला सगळ्यात जुना दावा, जो मेसेजच्या आधीपासून आपल्या घराघरांत आहे. सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर लालभडक पट्टा, त्यावर फोड, आग आग होतेय. आजी बघते आणि निकाल देते: कोळी मुतलाय.

कोळी मुतत नाही. त्याच्या शरीरातला टाकाऊ भाग ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या रूपात, पांढऱ्या घट्ट थेंबासारखा बाहेर पडतो. जाळ्याखालच्या फरशीवर किंवा भिंतीवर जे पांढुरके ठिपके पडतात ते तेच. त्यानं कुणाला फोड येत नाहीत.

मग फोड कशाचे? पावसाळ्यात आणि पाऊस सरताना ट्यूबलाइटभोवती जी पाखरं जमतात त्यांत एक बारीक किडा असतो. लांबी साधारण ७ ते १० मिलिमीटर, लांबट, मुंगीसारखा, अंगावर काळे आणि नारिंगी पट्टे, चालताना शेपटाकडचा भाग वर उचललेला. हा पिडेरस जातीचा भुंगेरा. तो चावत नाही, डंख मारत नाही. पण मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून आपण झोपेत हात मारतो आणि तो चिरडतो. त्याच्या अंगातलं पिडेरिन नावाचं द्रव्य कातडीला भाजून काढतं, तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. म्हणून किडा कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि कोपऱ्यातला कोळी मात्र समोरच दिसत असतो! कोपराच्या घडीत चिरडला तर घडीच्या दोन्ही बाजूंना एकसारखे डाग उठतात, ही त्याची खास खूण. अंगावर असला किडा दिसला तर मारू नका, फुंकर मारून किंवा कागदानं उडवा. चिरडला गेलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

आणि खरी नागीण? तिचा ना कोळ्याशी संबंध, ना त्या भुंगेऱ्याशी. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी गप पडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती खालावली की पुन्हा उठतो आणि त्या एका मज्जातंतूच्या वाटेनं फोडांचा पट्टा उमटतो. म्हणून ती शरीराच्या एकाच बाजूला असते, आणि फोड यायच्या आधी दोन-तीन दिवस तिथं ठणका किंवा आग असते. "नागिणीची दोन तोंडं एकत्र आली की माणूस जातो" असं आपल्याकडं म्हणतात. पण पट्टा सहसा शरीराची मधली रेघ ओलांडतच नाही, तर तोंडं भेटणार कुठं?

माझा राग इथं आहे. नागिणीवर विषाणूविरोधी गोळ्या आहेत आणि फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. नेमके हेच तीन दिवस आपण गेरूचा लेप लावण्यात आणि कुणाकडून तरी "उतरवून" घेण्यात घालवतो. फोड तर आपोआप वाळतातच, श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं, आणि म्हाताऱ्या माणसाला मागं राहणारी कळ महिनोन् महिने छळते. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ नागीण उठली तर एक दिवससुद्धा थांबू नका, नजर जाऊ शकते. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जा, नाहीतर जवळच्या डॉक्टरकडं, पण जा. ५० वर्षांवरच्या लोकांसाठी नागिणीची लसही आता भारतात मिळते. कोळ्यांवर फवारा मारून नागीण टाळायची म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

आठ कोळी गिळण्याबद्दल फार लिहायला नको. झोपलेल्या माणसाचा श्वास, घोरणं, हृदयाची धडधड हे सगळं कोळ्याला हादऱ्यांतून कळतं आणि तो असल्या जागेपासून लांबच राहतो. वर्षाला आठ हा आकडा कुणी कधी मोजलेला नाही.

फवाऱ्याकडं येऊ. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस. भारत सरकारनं २०१८ च्या आदेशानं ज्या कीटकनाशकांवर बंदी आणली त्यात हे आहे, आणि ३१ डिसेंबर २०२० पासून त्याचा वापर पूर्ण बंद आहे. तरी कुणाच्या तरी गोठ्यात गोचिडांसाठी आणलेली जुनी बाटली निघतेच. याची वाफ होते, ती बंद खोलीत कोंडते, आणि श्वासातून, कातडीतून शरीरात जाते. घाम, लाळ, उलटी, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, धाप. असं दिसलं तर माणसाला उघड्यावर आणून तडक दवाखान्यात न्यायचं. रॉकेलमध्ये मिसळल्यानं ते सौम्य होत नाही, उलट पेटायलाही तयार होतं. वर उरलेलं रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची आपली सवय. लहान पोरानं घोट घेतला तर ते फुप्फुसात उतरतं.

ब्लीचिंग पावडरवर ॲसिड ओतणं हा तर उपाय म्हणायचाही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तो सैनिकांवर सोडला होता. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये तुम्ही तो स्वतःवर सोडणार, एका हंट्समनसाठी! आणि पलिता? जुन्या घरांत लाकडी माळा, वर वासे, कोपऱ्यात रद्दी आणि शेणींची रास, खाली स्वयंपाकघरात सिलिंडर. जळमट धुळीनं भरलेलं असतं, पेटलं की जळता धागा खाली कुठं पडेल ते सांगता येत नाही.

बाजारातल्या साध्या स्प्रेनं कोळी मरत नाही का? नेम धरून अंगावर मारला तर मरतो. पण भिंतीवर मारून ठेवलेलं औषध झुरळाला जितकं लागतं तितकं कोळ्याला लागत नाही. झुरळ अंग घासत जातं आणि मिशा-पाय चाटतं. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, पोट वर उचलून. आणि घरात मांजर किंवा माशांची टाकी असेल तर पायरेथ्रॉइड गटातले हे स्प्रे त्यांना कोळ्यापेक्षा जास्त बाधतात.

लिंबाच्या साली निरुपद्रवी आहेत, निरुपयोगीही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लिंबाच्या तेलाला कोळ्यांनी भीक घातली नाही. पुदिन्याच्या तेलापासून काही जाती लांब राहिल्या, सगळ्या नव्हे. पुदिन्याचं तेल वापरायचं तर वापरा, पण वास उडाला की काम संपलं, आणि मांजरांना ते चालत नाही. आवाजाच्या यंत्राबद्दल एवढंच: अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१ मध्येच अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० हून अधिक कंपन्यांना पत्रं पाठवून दाव्यांचे पुरावे ठेवा म्हणून बजावलं होतं. ते पैसे वाचवा, खिडकीला जाळी बसवा.

कारण कोळी घरात येतो तो खायला. तुमच्याकडं डास, माश्या, झुरळं आहेत तोवर एक मारला तर दुसरा येईल. व्हरांड्यातला पांढरा झगझगीत दिवा रात्रभर जळत असेल तर तुम्ही किड्यांचं जेवण मांडलंय. पिवळसर उजेडाचा एलईडी लावा, तोही गरजेपुरता. यानं तो फोड आणणारा भुंगेराही कमी येतो. दाराखालची फट, एक्झॉस्टचं भोक, पाइप जिथं भिंतीत शिरतो तिथलं भगदाड बुजवा. माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके काढून झाकणाचे डबे आणा. जळण आणि शेणी भिंतीला टेकवून रचू नका.

बाकी काम लांब काठीच्या झाडूचं. डोक्याला फडकं, तोंडाला रुमाल, डोळ्यांवर चष्मा, आणि पंखा बंद. धूळ बसून काळं पडलेलं जळमट बहुधा सोडून दिलेलं असतं, ते नुसतं गुंडाळून काढा. ताजं जाळं असेल तर आत अंड्यांची पांढरी गोळी आहे का बघा. ती राहिली तर पिलांची फौज निघेल. आठवड्याला एकदा जाळं मोडत राहिलं की कोळी कंटाळून जागा बदलतो. बाथरूममधल्या त्या मोठ्यावर रुंद तोंडाचा डबा अलगद ठेवा, भिंत आणि डब्यामध्ये जाड लग्नपत्रिका सरकवा, आणि परसात नेऊन सोडा. पळाला तर पळू दे, झुरळं कमी होतील.

एवढं करूनही घर भरलेलंच असेल आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं असेल, तर कोणतं औषध मारणार ते आधी विचारा आणि मूळ डबा बघायला मागा. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. बिनलेबलाच्या बाटलीतलं औषध घेऊन आला तर दारातूनच परत पाठवा.