‘क्लास केला की टेस्ट नाही’ : हे अर्धंच खरं आहे

लातूर, नांदेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय : १ जून २०२४ पासून ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट असलं की आरटीओत टेस्ट द्यावी लागत नाही, पक्कं लायसन्स थेट घरी.

तसं नाही. १ जूनला काही नवीन लागूच झालं नाही. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने तेव्हाच तसं सांगितलं होतं. नियम १ जुलै २०२१ पासूनचा आहे आणि तो फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी आहे. तिथे कारचा कोर्स २९ तासांचा : ८ तास थिअरी, २१ तास प्रत्यक्ष गाडीवर, आणि शेवटी केंद्राचीच परीक्षा. ती पास झालात तरच आरटीओची टेस्ट माफ.

आपल्या चौकातला पंधरा दिवसांचा, रोज अर्ध्या तासाचा क्लास म्हणजे हिशेबाने साडेसात तास. त्यात क्लच-गिअर बसतो, रिव्हर्स थोडाफार जमतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला रात्री ओलांडणं (मागे दिवा नसतोच बहुधा) त्यात येत नाही. अशा क्लासवाल्यांना टेस्ट द्यावीच लागते, तीही लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी. लर्निंग सहा महिने चालतं, त्यामुळे घाई कशाला? तोवर शेजारी लायसन्सवाला माणूस आणि गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ हवाच.

फी भरण्याआधी केंद्राचं मान्यतापत्र दाखवा म्हणा. ‘टेस्टचं आम्ही बघतो’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा.