प्रायश्चित्त नेमकं घ्यायचं कोणी?

१८९० साली पुण्यात एका चहावरून रणकंदन माजलं. पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी जमली होती. त्यांत रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. व्याख्यान झाल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी कप नुसताच पुढ्यात ठेवला. मग नावं छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि या मंडळींनी प्रायश्चित्त घ्यायचं की नाही यावर शहर भांडत राहिलं. शेवटी टिळकांचंही प्रायश्चित्त झालं, रानड्यांचंही.

या वादावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. पण चहा देणारी माणसं नेमकं काय मानत होती, हा प्रश्न तेव्हाही फारसा कुणी विचारला नाही आणि आजही विचारत नाही. डिसेंबरात कॅम्पातल्या रोषणाईचे फोटो निघतात, ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असं म्हणून आपण मोकळे होतो. हे वाक्य सभ्य आहे, पण त्यात आळस आहे. ख्रिस्ती विचार म्हणजे सेवा, क्षमा, दवाखाने आणि शिस्तीच्या शाळा, एवढीच आपली समजूत. ही त्या झाडाची फळं म्हणा हवं तर, मूळ वेगळीकडेच आहे.

आणि मूळ दिसत नाही याचं एक कारण आपली मराठीच आहे. ख्रिस्ती मराठीने पाप, प्रायश्चित्त, कृपा, आत्मा, देवालय हे सगळे शब्द आपल्याच घरातून घेतले. ऐकताना ओळखीचे वाटतात, म्हणून अर्थही ओळखीचा असणार असं आपण धरून चालतो. मराठी बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताबद्दल म्हटलंय की तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. पुन्हा वाचा. प्रायश्चित्त ‘घ्या’ असं नाही, तो प्रायश्चित्त ‘आहे’. व्याकरणात सांगायचं तर शब्द तोच राहिला आणि कर्ता बदलला. चहाच्या वादात कर्ता चहा पिणारा होता. इथे कर्ता देव आहे. बाकी सगळी मांडणी या एका बदलातून उलगडते, त्यामुळे क्रमाने जाऊ.

सुरुवात सृष्टीपासून. देव आणि जग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जग देवाचा अंश नाही, देवाचं रूप नाही आणि मायाही नाही. ते निर्माण केलेलं आहे, खरं आहे आणि चांगलं आहे. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ति, त्याच्या पहिल्या अध्यायात ‘चांगले आहे’ हे पालुपदासारखं येतं. अद्वैताच्या संस्कारात वाढलेल्या कानाला इथेच पहिला खडा लागतो. ‘माझ्यातला देव’ असं ख्रिस्ती माणूस या अर्थाने म्हणत नाही. तो म्हणतो, माणूस देवाची प्रतिमा आहे (उत्पत्ति १:२७). नाण्यावर राजाचा मुखवटा असतो, पण म्हणून नाणं राजा होत नाही; तरी त्याचा मान त्या मुखवट्यामुळेच असतो. हा मान अक्कल, जात, कमाई किंवा तब्येत पाहून ठरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची प्रतिमा पुसट होत नाही. दवाखाने आणि अनाथाश्रम इथून येतात, ‘सेवाभावी स्वभाव’ या गुळगुळीत शब्दातून नव्हे. (उत्पत्तीत सृष्टी सहा दिवसांत घडते; ते दिवस चोवीस तासांचे का, यावर खुद्द ख्रिस्ती लोकांतच मतभेद आहेत. तो वाद बाजूला ठेवला तरी गाभ्याला धक्का लागत नाही.)

मग पाप. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्याकडे पाप ऐकलं की दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक विटाळाचं: काहीतरी लागलं, ते धुऊन काढायचं. दुसरं खातेवहीचं: पाप एका बाजूला, पुण्य दुसऱ्या बाजूला, शेवटी शिल्लक. ख्रिस्ती पाप यांतल्या कुठल्याच चित्रात बसत नाही. ते आधी मोडलेलं नातं आहे, वाईट कृत्यं हा त्याचा परिणाम. लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण धाकट्यापुरतीच: वाटणी घेऊन गेला, उधळून परत आला, बापाने जवळ घेतलं. त्यात थोरलाही आहे. तो घरीच राहिला, राबला, एक आज्ञा मोडली नाही. आणि गोष्ट संपते तेव्हा बाहेर उभा आहे तो थोरला, बाप त्याची समजूत घालतोय. त्याच्या तोंडी हिशोब आहे: इतकी वर्षं राबलो, मला एक करडूसुद्धा दिलं नाहीत. खातेवही चोख आणि नातं शून्य. ही गोष्ट सांगितली कुणाला? परुशी आणि शास्त्री, म्हणजे त्या काळच्या सोवळ्या मंडळींना.

‘मूळ पाप’ म्हणजे पहिला माणूस आदाम याचा गुन्हा आपल्या नावावर चढवला, असं पुष्कळांना वाटतं. पश्चिमेत धर्मपंडित ऑगस्टीननंतर त्या अंगाने मांडणी झाली हे खरं. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स लोक दोष वारशाने येतो असं म्हणत नाहीत, मरण आणि बिघाड वारशाने येतो म्हणतात. निष्कर्षावर मात्र दोघांचं एकमत आहे: बिघाड इतका खोल आहे की माणसाला तो स्वतः दुरुस्त करता येत नाही. स्वतःच्या शेंडीला धरून स्वतःला विहिरीतून वर काढता येत नाही, तसं.

म्हणून देव खाली येतो. ‘म्हणजे अवतारच ना?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. नाही. अवतार पुन्हा पुन्हा होतात, काम झालं की संपतात. योहान लिहितो, ‘शब्द देही झाला’ (योहान १:१४); शब्द म्हणजे देवाचा अनादि पुत्र. एकदाच, आणि कायमचा. देह घातला आणि काढून ठेवला असं नाही. मेलेला उठला तो देहासकट, हातावरच्या खिळ्यांच्या व्रणांसकट. आणि हे घडलं ते तारखेच्या जगात. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत, येशू आणि मरीया सोडून एकाच माणसाचं नाव येतं, ते म्हणजे पंतय पिलात. दर रविवारी त्या रोमी अधिकाऱ्याचं नाव घ्यायचं कारण काय? तो यहूदीयाचा सुभेदार होता इ. स. २६ ते ३६ या काळात. ते नाव म्हणजे दस्तऐवजावरचा शिक्का आहे.

येशू देवच की देवाने निर्माण केलेला सर्वश्रेष्ठ कुणी, या प्रश्नावर चौथ्या शतकात फूट पडली. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणाला, पुत्र नव्हता असा एक काळ होता. ३२५ साली निकियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने त्याला उत्तर दिलं: पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, उत्पन्न झालेला, निर्माण केलेला नव्हे. ३८१ मध्ये पवित्र आत्म्याबद्दलची कलमं पक्की झाली. ४५१ मध्ये खाल्केदोनच्या परिषदेने सांगितलं की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे: व्यक्ती एक, स्वभाव दोन; सरमिसळ नाही आणि फाळणीही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ढकलसंदेश फिरतो की निकियात बसून बायबलची पुस्तकं मतदानाने निवडली. साफ खोटं. तिथे तो विषयच नव्हता. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाच्या, नेमक्या २७ पुस्तकांची यादी पहिल्यांदा मिळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. (जुन्या करारात प्रोटेस्टंट ३९ पुस्तकं मानतात, कॅथलिक ४६, म्हणून एकूण ६६ आणि ७३. दुकानात बायबल घेताना हे विचारून घ्या.)

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, हे त्रैक्य. ते समजावताना लोक दोन पद्धतींनी घसरतात. तीन देव केले की एकेश्वरवाद गेला. एकच नट तीन भूमिका करतो असं म्हटलं की नातं गेलं, मग पकडला जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत येशू प्रार्थना कुणाची करत होता, स्वतःचीच? दत्तात्रेयाची किंवा पाणी-बर्फ-वाफेची उपमा याच दुसऱ्या खड्ड्यात नेते. इथे उपमेपेक्षा कारण पाहिलेलं बरं. ‘देव प्रीती आहे’ असं योहान म्हणतो (१ योहान ४:८). सृष्टी नव्हती तेव्हा तो प्रीती कुणावर करत होता? एकटा असेल तर प्रीती हा त्याचा स्वभाव नव्हे, नंतर सुचलेलं काम. पिता, पुत्र, आत्मा हे नातं अनादि असेल, तरच त्या वाक्याला अर्थ राहतो. हे अवघड वाटत असेल तर संगत चांगली आहे: पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही याच मुद्द्यावर इंग्लंडमधल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून कडाडून वाद घातला. न पटलेलं कुणाच्या धाकाने कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. याच बाईंनी पुढे केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं.

आता क्रूस, म्हणजे मूळ प्रश्न. ख्रिस्त आपल्यासाठी मेला हे सगळ्या पंथांना मान्य. पण त्या मरणाने काम नेमकं कसं केलं, याचं एकच अधिकृत स्पष्टीकरण कुठल्याही जागतिक परिषदेने ठरवलेलं नाही. आरंभीच्या लेखकांना त्यात खंडणी भरून गुलाम सोडवणं दिसलं, मरणावरचा विजय दिसला. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अन्सेल्मने भंगलेल्या मानाची भरपाई असा अर्थ लावला. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी कोर्टाची भाषा आणली: शिक्षा आमची, भोगली त्याने. ही शेवटची मांडणी चौकाचौकातल्या पत्रकांवर सगळ्यात स्वस्त स्वरूपात मिळते: रागावलेला बाप निरपराध पोराला मारतो आणि शांत होतो. तसं असेल तर तो अन्यायच. पण ही चूक त्रैक्य विसरल्यामुळे होते. क्रूसावर तिसराच कुणी धरून आणलेला नाही, न्यायाधीश स्वतः पिंजऱ्यात उतरलाय. वरच्या दोन टप्प्यांतली एक वीट काढा, हा टप्पा कोसळतो. म्हणून या गोष्टी सुट्या सुट्या सांगण्याला माझा विरोध आहे.

पुढचा आक्षेप ठरलेला: मग काय, फुकटात माफी, करा हवं ते! प्रेषित पौलाला हा प्रश्न पहिल्याच शतकात विचारला गेला होता, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्यावरच सुरू होतो, आणि त्याचं उत्तर स्वच्छ ‘मुळीच नाही’ असं आहे. कृपेने तारण, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, हे इफिसकरांस पत्रात आहे (२:८-९), आणि लगेच पुढच्या वचनात सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलंय असंही आहे. लोक नवव्यावर थांबतात, दहावं वाचत नाहीत. १५१७ नंतर, म्हणजे मार्टिन लूथरच्या बंडानंतर, याच मुद्द्यावर युरोप फुटला. ३१ ऑक्टोबर १९९९ ला कॅथलिक आणि लुथरन चर्चने ऑग्सबुर्गमध्ये संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, मूळ मुद्द्यावर आता एकमत आहे म्हणून. ‘विश्वास’ याचा अर्थही मनात अमुक मत बाळगणं असा नाही. डॉक्टरवर विश्वास आहे म्हणजे डॉक्टर अस्तित्वात आहेत असं माझं मत आहे असं नव्हे. टेबलावर आडवं व्हायची तयारी आहे.

पुनरुत्थान. पौल करिंथकरांना सरळ लिहितो (१ करिंथ १५) की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. आपली सगळी मांडणी एका घटनेवर पणाला लावायची आणि ती खोटी पाडायची जागाही स्वतःच दाखवून द्यायची, हा प्रकार मला विलक्षण वाटतो. इथेही मराठी आड येते. ‘आत्मा अमर आहे’ हे आपलं वाक्य. मतांगीकारातलं वाक्य आहे ‘शरीराचे पुनरुत्थान’. आत्म्याने देहाचं जुनं वस्त्र टाकून उडून जायचं, ही ख्रिस्ती आशा नाहीच. देहही परत मिळणार, जगही नवं होणार. पुरण्याची प्रथा यातून आली, पण दहन केल्याने देवाची अडचण होते असं कुणी मानत नाही. कॅथलिक चर्चने १९६३ पासून त्याला मुभा दिली आहे. पुनर्जन्म मात्र बसत नाही. जन्म एक, मरण एक, मग न्याय.

हे खरं आहे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. नाकारायचं असेल तर निदान जे आहे ते नाकारा, चहा नव्हे. त्यासाठी वाचायचा क्रम सांगतो. उत्पत्तीपासून सुरू करू नका. तिसऱ्या पुस्तकापर्यंत, म्हणजे लेवीयपर्यंत पोचता पोचता दम सुटतो आणि पुस्तक कपाटात जातं. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय, एका बैठकीत दीड-दोन तास. मग लूक १५, मग १ करिंथ १५, मग रोमकरांस पत्राचे पहिले आठ अध्याय, सावकाश, दिवसाला एकच.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात, म्हणजे पंच हौदाच्या चर्चमध्ये, रविवारच्या मराठी उपासनेला मागच्या बाकावर बसा. कुणी हटकत नाही. आधी पापांगीकार, मग शास्त्रपाठ, प्रवचन, मतांगीकार, प्रार्थना आणि शेवटी प्रभुभोजन असा साधारण क्रम असतो. मतांगीकाराला सगळे उभे राहतात, तुम्ही नुसतं उभं राहिलात तरी चालतं. भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, तेव्हा त्या वेळी जागेवरच थांबा. त्यात अपमान नाही. पुढे जाणाऱ्यांचे हात बघा मात्र. ओंजळ रिकामी असते, देण्यासारखं त्यात काही नसतं.

आणि मार्क वाचताना सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबा. सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत पुस्तक तिथेच संपतं; पुढची वचनं नंतर जोडलेली आहेत. रिकामी कबर पाहून स्त्रिया पळत सुटतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यायलेल्या असतात.