पहिला डीएक्स-७ आणि डीएक्स-७ टू : ‘गणित एकच, मग आवाज वेगळा कसा?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. यामाहाचा १९८३चा डीएक्स-७ आणि १९८७चा डीएक्स-७ टू या दोन सिंथची (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आवाज घडवणाऱ्या कीबोर्ड वाद्यांची) तुलना करताना मी पहिल्याच्या आवाजाला ‘पोत’ आहे आणि टूचा आवाज ‘स्वच्छ’ आहे असं लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. दोन्ही सिंथ डिजिटल, दोघांत तेच सहा ऑपरेटर (लहर तयार करणारे घटक) आणि तेच ३२ अल्गोरिदम (ते घटक एकमेकांना जोडण्याच्या मांडण्या), तर एकाच पॅचमधून, म्हणजे साठवलेल्या एकाच आवाजाच्या नोंदीतून, दोन आवाज निघतीलच कसे? निघत असतील तर ती चाळीस वर्षं जुन्या सर्किटची खरखर आहे, तिला पोत म्हणणं म्हणजे जुन्याचं वेड. आणि शेवटी, आवाजाच्या बारकाव्याचे १६ बिट १२पेक्षा चांगलेच असतात, विषय संपला.

पहिल्या आक्षेपाचा पाया मला मान्य आहे. दोघांतलं गणित खरोखर एकच आहे. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेली एफएमची (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनची) रीत दोन्हींत आहे : एका लहरीने दुसरीला हलवायचं आणि त्यातून नवे स्वरांश उभे करायचे. पहिल्या डीएक्स-७चा पॅच म्हणजे नावासकट १५५ बाइट, आणि तो टूमध्ये सरळ चढतो. एन्व्हलप (सूर कसा चढतो आणि विरतो), लहरींच्या वारंवारतांची गुणोत्तरं, फीडबॅक (लहरीने स्वतःलाच हलवणं), सगळं तेच. इथपर्यंत आपलं एकमत आहे.

पण आपण आकडे ऐकत नाही. चिपमधून निघालेल्या आकड्याचं विजेच्या दाबात रूपांतर व्हावं लागतं, ते काम कन्व्हर्टर करतो आणि नेमकी तिथेच या दोन भावंडांची वाट वेगळी होते. ‘डिजिटल म्हणजे डिजिटल’ हे म्हणणं कन्व्हर्टरच्या अलीकडे खरं आहे, पलीकडे नाही.

पहिल्यातला कन्व्हर्टर १२ बिटांचा आहे. मात्र त्याच्या जोडीला एक वेगळी युक्ती आहे. लहरीचा एखादा नमुना (एका क्षणाचा आकडा) लहान असेल तर चिप तो आधी मोठा करून १२ बिटांत पूर्ण भरते, आणि कन्व्हर्टरनंतर रोधकांच्या साखळीतून तो तितक्याच पटीने पुन्हा लहान केला जातो : निम्मा, पाव किंवा एक अष्टमांश. म्हणजे एकूण पल्ला १५ बिटांच्या जवळ जातो, पण कोणत्याही एका क्षणी बारकावा १२ बिटांचाच राहतो. यातून एक गमतीदार गोष्ट घडते. लहर शिखरावर असते तेव्हा आकड्यांच्या पायऱ्या जाड पडतात, शून्याजवळ येते तेव्हा बारीक होतात. हे प्रत्येक आवर्तनात, सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं. शिवाय त्या रोधकांचं माप किंचित जरी इकडेतिकडे असलं, तरी एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाताना लहरीला बारीकसा खाचा पडतो.

आणखी एक बाब. पहिल्यात १६ सूर आधी एकत्र करून कन्व्हर्टरकडे पाठवत नाहीत. प्रत्येक सूर आळीपाळीने त्याच कन्व्हर्टरमधून जातो, सुमारे ४९ किलोहर्ट्झच्या वेगाने, आणि मग पुढे अॅनालॉग भागात सगळ्यांची बेरीज होते. त्यामुळे प्रत्येक सुराचा दाणा, म्हणजे त्या पायऱ्यांमुळे येणारी बारीक किरकिर, त्याचा स्वतःचा असतो. एक सूर जोरात आणि दुसरा हळू वाजवला तर दोघांचे दाणेही तसेच वेगवेगळ्या जाडीचे. मी ‘पोत’ म्हणालो तो हा. सुराच्या जोराबरोबर जाड-बारीक होणारी ही चूक आहे, तिला चूक म्हणायला माझी काहीच हरकत नाही. पण ती यंत्राच्या रचनेतली आहे, वयातली नाही. नवा कोरा डीएक्स-७ दुकानातून बाहेर पडला तेव्हाही ती होतीच.

तिथून तुमच्या दुसऱ्या आक्षेपाकडे येतो, कारण तो मला तिन्हींत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या सिंथमध्ये हिस्स (सततची सळसळ) असतं, कपॅसिटर वाळलेले असतात, वीजपुरवठ्याची घरघर येते, हे खरंच आहे. पण ही खरखर आणि कन्व्हर्टरचा दाणा वेगळे करता येतात. काहीही न वाजवता आवाज वाढवा. जे ऐकू येतं ते आउटपुट सर्किटचं, आणि तुम्ही काय वाजवता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते मी कधीच पोत म्हणणार नाही, ते दुरुस्त करावं. आता खर्जाच्या बाजूचा एक सूर धरून ठेवा. त्या सुराबरोबर आलेली आणि त्याच्याबरोबरच विरणारी जी बारीक किरकिर असेल ती कन्व्हर्टरची. सर्किट कितीही नीट केलं तरी ती जात नाही.

ती कुठे ऐकायची हेही सांगतो, कारण भलत्या ठिकाणी शोधली तर तुम्हाला काहीच सापडणार नाही आणि तुम्ही मला खोटं ठरवाल. कारखान्यातूनच भरून आलेला ‘ई पियानो १’ हा पॅच घ्या. त्यात पाचवा अल्गोरिदम आहे, म्हणजे कॅरिअर (ऐकू येणारी लहर) आणि मॉड्युलेटर (तिला हलवणारी लहर) यांच्या तीन जोड्या. एका जोडीतला मॉड्युलेटर १४ पट वारंवारतेवर आहे आणि सुरुवातीची ती काचेसारखी ‘टिंग’ त्याच्यामुळे येते. टिंग चालू असताना वरचे स्वरांश इतके दाट असतात की दाणा त्यात झाकला जातो. टिंग विझली की उरतो तो जवळजवळ शुद्ध साइन (एकाच वारंवारतेचा साधा सूर), आणि तोही अजून बऱ्यापैकी मोठा. हाच तो मधला पट्टा. दाणा जाड आहे आणि त्याला झाकायला काही नाही. हेडफोन लावून इथे कान द्या. पुढे सूर अगदी लहान झाला की रोधकांची साखळी दाणाही बारीक करते आणि दोन्ही यंत्रं पुन्हा जवळ येतात.

उलट फीडबॅकने भरलेला बेस किंवा ब्रास लावलात तर फरक शोधत बसू नका. मलाही तिथे तो सांगता येणार नाही. तार सप्तकात जोरदार मॉड्युलेशन दिल्यावर येणारी जी कर्कश विसंगती आहे तिचं श्रेयही काही जण जुन्या कन्व्हर्टरला देतात, तेही चूक आहे. ती स्वरांश सॅम्पलिंगच्या (सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांच्या) मर्यादेवर आपटून खाली परतल्यामुळे येते. ते गणिताच्या बाजूचं आहे, आणि दोघांतही आहे.

१२ विरुद्ध १६ बिटांचा मुद्दा यातच बराचसा मिटतो. टूमध्ये १६ बिट आहेत, त्यामुळे मोठ्या सुरातला दाणा कितीतरी बारीक आहे. ‘स्वच्छ’ हा शब्द मी कौतुकानेच वापरला होता. पण ‘१२’ या आकड्यावरून जो कंगाल आवाज डोळ्यांपुढे येतो तसा पहिल्याचा नाही, कारण लहान आवाजात त्याचा पल्ला १५ बिटांच्या आसपास पोचतो. तांत्रिक तक्त्यातला एक आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे एवढ्यावरून वाद्याचा निकाल लावता येत नाही, हे मी पुन्हा तितक्याच ठामपणे म्हणेन.

आता एका गोष्टीवर मी तुमच्या बाजूने आहे. लोक ज्याला ‘जुन्या डीएक्सची ऊब’ म्हणतात त्यातला मोठा भाग कन्व्हर्टरचा नाहीच, तो व्हेलॉसिटीचा, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली याचा, आहे. पहिल्या डीएक्स-७चा स्वतःचा कीबोर्ड मिडीच्या (वाद्यं एकमेकांशी बोलतात त्या डिजिटल भाषेच्या) १२७ या कमाल मूल्यापर्यंत पोचत नाही. त्यावर बसून बनवलेले पॅच आजच्या कंट्रोलरवरून वाजवले की १२७ सहज येतात, व्हेलॉसिटीला संवेदनशील असलेले मॉड्युलेटर गरजेपेक्षा उघडतात आणि तोच पॅच चरचरीत, धातूसारखा वाटतो. मग दोष नव्या यंत्राच्या किंवा सॉफ्टवेअरच्या माथी येतो. पट्ट्यांवर बोटांनी वाजवून केलेली कोणतीही तुलना म्हणूनच मी धरत नाही. दोन्ही सिंथना एकच मिडी फाइल पाठवा, ऑसिलेटर सिंक चालू ठेवा म्हणजे प्रत्येक आघात एकाच जागेवरून सुरू होईल, आणि लेव्हल कानाने नव्हे, मीटरवर जुळवा. थोडासा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो.

टूच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. त्याला स्टीरिओ आउटपुट आहे आणि ड्युअल मोडमध्ये तो दोन पॅच एकावर एक वाजवतो, किंचित बेसूर करून दोन बाजूंना पसरवतोही. त्या बदल्यात एकाच वेळी वाजणारे सूर १६वरून ८वर येतात. त्याचे भरदार वाटणारे पुष्कळ आवाज या मोडचे आहेत. ते पहिल्याच्या मोनो, इफेक्टविरहित आवाजाशेजारी ठेवून ‘बघा, १६ बिटांची कमाल’ म्हणणं न्याय्य नाही. सिंगल मोडमध्ये, एकाच बाजूचा आवाज घेऊन ऐका.

फरक कल्पनेतला आहे असं तरीही वाटत असेल तर डीएक्स-७ची नक्कल करणारं डेक्स्ड हे मोफत सॉफ्टवेअर उघडून बघा. त्यात २४ बिटांचं आधुनिक इंजिन आणि ‘मार्क वन’ इंजिन असे वेगळे पर्याय दिलेले आहेत. पॅच तोच ठेवून इंजिन तेवढं बदला. तिथे ना जुने कपॅसिटर आहेत ना वीजपुरवठ्याची घरघर, त्यामुळे जो फरक ऐकू येईल तो हिशेबाच्या बारकाव्यातूनच आलेला असेल.

यातलं घ्यावं कोणतं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मंचावर वाजवणार असाल, कीबोर्ड स्प्लिट करून दोन आवाज हवे असतील, किंवा मायक्रोट्यूनिंगने प्रत्येक स्वराची उंची आपल्या हिशेबाने लावायची असेल, तर टू. वाद्य म्हणून तो सरळसरळ अधिक सक्षम आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एकट्या सुराचं, संथ लयीचं, रिकाम्या जागा असलेलं संगीत रेकॉर्ड करणार असाल, तर मी पहिलाच घेईन. कॉम्प्रेसरमधून (मोठ्या-लहान आवाजांतलं अंतर कमी करणाऱ्या यंत्रातून) जाताना तो मधला पट्टा वर उचलला जातो आणि दाणा सुराचाच भाग होऊन बसतो. टूवर तो आणायचा म्हटलं तर बाहेरून काहीतरी जोडावं लागतं, आणि असं बाहेरून जोडलेलं प्रत्येक सुराच्या जोराबरोबर वेगवेगळं हलत नाही, सगळ्या मिश्रणावर एकसारखं बसतं.

तुमच्याकडे टू आहे असं तुम्ही लिहिलंय. ‘ई पियानो १’ सिंगल मोडमध्ये लावून मधल्या ‘सा’च्या खालच्या सप्तकातला एक सूर, व्हेलॉसिटी ९०, पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड करून पाठवलात तर मी पहिल्यावरचा तोच सूर त्याच लेव्हलला शेजारी ठेवतो, आणि कोणता कोणाचा हे न सांगता दोन्ही फाइल इथेच चढवतो.